उंडीवाडीतली दोन मुलं

ज्याची तीस वर्षं लोकांना "बाई, ही देवी नव्हे, हा रोग आहे" हे पटवण्यात गेली, त्यानं असल्या गूढ अनुभवांच्या सदरात लिहावं याचं माझ्या घरच्यांना हसू येतंय. मलाही येतंच. भुतंखेतं, भानामती, अंगात येणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. आणि तीच माझी पंचाईत आहे. मानत असतो तर एका शब्दात सांगून मोकळा झालो असतो.

मी मूळचा माणगावकडचा, घरी भातशेती. सातवीची फायनल पास झालो आणि देवी काढायचं ट्रेनिंग घेतलं. आजच्या वाचकांसाठी सांगतो — देवीची लस टोचण्याला तेव्हा 'देवी काढणं' म्हणायचे आणि टोचणाऱ्याला 'देवीडॉक्टर'. डॉक्टर वगैरे आम्ही काही नव्हतो. एक पेटी, तीत लसीच्या बारीक काचेच्या नळ्या, टोचायची सुरी, स्पिरिटचा दिवा, कापूस आणि एक रजिस्टर. एवढं घेऊन गावोगाव पायी फिरायचं. मुलाच्या दंडावर चार जागी ओरखडे काढून लस लावायची, आठव्या दिवशी परत जाऊन ती नीट उठली, म्हणजे तिथं फोड धरला, की नाही ते बघायचं आणि रजिस्टरात निकाल लिहायचा.

पहिलं पोस्टिंग मिळालं उरणला. तिसाच्या आसपासचं साल असेल, मी चोवीस वर्षांचा. उरण तेव्हा खरोखरचं बेट होतं. मुंबईची लाँच मोऱ्याच्या धक्क्याला लागायची, बाकी बाजूंनी खाडी, चिखल आणि मिठागरं. गाव लहानच — एक बाजाराचा रस्ता, देवळं, मशीद, तळं आणि वाऱ्याबरोबर येणारा मोहाच्या भट्ट्यांचा आंबूस वास. बाजारात एका किराणा दुकानाच्या माडीवर मी खोली घेतली होती. माझ्याबरोबर दवाखान्याचा शिपाई असायचा, नागू नावाचा. चाणज्याचा आगरी, पस्तिशीचा, कमी बोलणारा. बायका मला बघून मुलं माळ्यावर लपवायच्या, नागू खाली उभा राहून त्यांना नावानं हाका मारायचा, की मग एकेक पोर खाली यायचं. त्याच्याशिवाय माझं पान हलत नव्हतं म्हणा ना.

त्या आठवड्यात नागू भाचीच्या लग्नासाठी रजेवर होता. शिमग्याच्या आधीचे दिवस, थंडी सरलेली. मंगळवार होता. मी एकटाच केगावला गेलो आणि साडेदहापर्यंत तिथलं काम आटपलं. पेटीत एक नळी उरली होती. द्रोणागिरीच्या डोंगराला समुद्राच्या अंगानं वळसा घालून करंज्याकडे जावं, वाटेत एखादी वस्ती लागली तर तेवढंच काम होईल, असं मनात आलं. हा रस्ता मी आधी चाललेलो नव्हतो.

एका बाजूला डोंगर, दुसरीकडे काळा खडक आणि त्यावर फुटणारं पाणी. केवड्याच्या जाळीतून पायवाट जात होती. अर्धा-पाऊण तास चाललो असेन. मग उंडीची मोठी झाडं लागली — ज्यांच्या बियांचं तेल दिव्यात घालतात ती — आणि त्यांच्या सावलीत सहा-सात घरं. कुडाच्या भिंती, वर झावळ्या. दारात जाळी वाळत टाकलेली. चुलीचा धूर होता, कोंबड्या होत्या. मी मुद्दाम सांगतोय... भर दिवस होता, लख्ख ऊन होतं, आणि मला जराही वेगळं वाटलं नाही.

एक बाई दारात बसून सुकटीतला कचरा निवडत होती. पंचविशीची असेल. मला बघून ती घाबरली नाही, पण माझ्याकडे — म्हणजे माझ्या चष्म्याकडे, छत्रीकडे, बुटांकडे — अशी बघत राहिली की मीच अवघडलो. मी कोण, कशासाठी आलो ते सांगितलं. वस्तीचं नाव विचारलं. उंडीवाडी, म्हणाली. पुरुषमाणसं समुद्रावर होती, बाकीच्या बाया पोरांना घेऊन खडकावर कालवं काढायला गेल्या होत्या. तिचा धाकटा तापला होता म्हणून ती तेवढी घरी राहिली होती.

आणि मग एक नवल झालं. एरवी मला तासभर समजूत घालावी लागायची, ही बाई मात्र स्वतःच उठून मुलांना घेऊन आली. करंज्यात आई आल्यात, म्हणाली. 'आई' म्हणजे देवीची साथ. घरंच्या घरं पडलीत, लोक निंब बांधून बसलेत, असं ती सांगत होती. ऐकून मी चपापलो, कारण त्या वर्षी बेटावर देवीचा एकही रोगी असल्याची आम्हाला खबर नव्हती. कळवायला हवं, असं मनात नोंदवून मी पेटी उघडली.

थोरली मुलगी, भिकी, सहा वर्षांची. धाकटा धर्मा, दोन-अडीचचा. वडलांचं नाव चांगो. रजिस्टरात दोन्ही नावं लिहिली. भिकीला पुढ्यात घेऊन टोचलं, ती रडली नाही, फक्त माझ्या चष्म्यात स्वतःला बघत होती. बक्षीस म्हणून तिला लिमलेटची गोळी दिली, तांबडी. मुलांसाठी मी खिशात ठेवायचो. तिनं ती तोंडात घातली नाही. उन्हात डोळ्यासमोर धरून तिच्यातून समुद्राकडे बघत बसली. खायची असते गं, असं मी म्हटलंही.

मग धर्माला हात लावला. अंग चटचट भाजत होतं. ताप असलेल्या मुलाला टोचायचं नाही, हा आमचा पहिला नियम. मी तसं सांगितलं. बाईचा चेहरा पडला.

"त्याला बी कर ना," ती म्हणाली. "तुजं हत्यार तर हातातच हाय."

मी तिला समजावलं, ताप उतरू दे, पुढच्या मंगळवारी मी नक्की येतो, भिकीचा दंड बघायला यायचंच आहे, तेव्हा धर्माला आणि वाडीतल्या सगळ्याच मुलांना टोचतो. ती पुन्हा म्हणाली, मी पुन्हा नाही म्हटलं. फोडलेली नळी ठेवता येत नाही. तिच्यात आणखी पाच मुलांपुरती तरी लस होती. ती मी कापसावर पुसली आणि कापूस चुलीत टाकला. ते बघत ती उभी होती. "मंगलवारी येशील नं?" एवढंच तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

ऊन चढलं होतं, म्हणून करंज्याला न जाता आल्या वाटेनं परतलो. दवाखान्यात डॉक्टरांना साथीचं सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी करंज्याला माणूस धाडला. दुसऱ्या दिवशी तो परत आला... करंज्यात देवीचा एकही रोगी नाही. घरोघर फिरून आला होता. डॉक्टर रागावले नाहीत, पण पुन्हा खात्री करून बोलत जा, असं म्हणाले. मला त्या बाईचा राग आला. खोटं कशाला बोलावं? पण खोटं बोलून स्वतःच्या मुलाला टोचून घ्यायला कोण मागे लागेल, हेही कळेना.

शनिवारी नागू रजेवरून आला. त्याला विचारलं, उंडीवाडीत कधी गेलायस का? त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. उंडीवाडीत कुणी राहत नाही, म्हणाला. मी रजिस्टर दाखवलं, त्याला वाचता येत नव्हतं. मी नावं वाचली नाहीत. तशी गरज वाटली नाही. दुसरी एखादी वस्ती असेल, तुम्ही नाव चुकीचं ऐकलं असेल, असं तो म्हणाला आणि मलाही ते पटलं.

मंगळवारी आम्ही दोघं निघालो. या खेपेला मी चार नळ्या घेतल्या होत्या. तीच वाट, तोच केवडा, तोच खडक. उंडीची झाडंही तीच. त्यातलं एक समुद्राकडे आडवं वाकलेलं होतं, ते मी बरोबर ओळखलं. झाडांखाली घरं नव्हती. जोती होती दगडांची, निम्मी मातीत गेलेली, त्यांतून घाणेरीची झुडपं माझ्या खांद्याइतकी वाढलेली. एक बुजलेली विहीर. बस.

मी पुढं जाऊन आलो, मागं जाऊन आलो. डोंगराच्या अंगाला चढून बघितलं. नागू माझ्या मागून फिरत होता. शेवटी मी त्या वाकड्या झाडाखाली बसलो. दुसरीकडे कुठे जावं तेच सुचेना. मी येतो म्हणून सांगितलं होतं ना... दुपारचे तीन वाजेपर्यंत मी तिथं बसून होतो. नागूला वाटलं असेल ऊन लागलं. त्यानं पाणी पाजलं आणि म्हणाला, "भाऊसाहेब, माजी आय याच वाडीची. वाडी उठली तवा ती बारकी व्हती. घरी चला, भाकर खा, आन् तिलाच विचारा."

खिंडीतून डोंगर ओलांडून आम्ही चाणज्याला उतरलो. नागूची आई अंगणात बसून झाडू बांधत होती. साठीची म्हातारी, अंगानं काटक. नागूनं सांगितलं, हे आमचे देवीडॉक्टर. तिनं मान वर केली. आधी माझी छत्री बघितली, मग बूट, मग चष्मा. हातातली काडी तिनं खाली ठेवली.

"आयलास?" ती म्हणाली. "लय येळ लावलास रं."

मला वाटलं, नागूला म्हणतेय. पण ती माझ्याकडे बघत होती. मी तिला नाव विचारलं. भिकी. बापाचं चांगो. भाऊ होता का, असं मी विचारलं, तर म्हणाली, धर्मा. हे नाव नागूनंही आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मामा होता हे त्याला माहीतच नव्हतं.

मग ती बोलत राहिली. मला सगळं शब्दाला शब्द आठवत नाही, पण असं होतं: ती लहान असताना एक माणूस आला. डोळ्यांवर काचा. तिच्या दंडावर ओरखडे काढले. धाकट्याला ताप होता म्हणून त्याला केलं नाही, मंगळवारी येतो म्हणाला. आला नाही. पुढच्या पंधरवड्यात करंज्यातली साथ वाडीत आली. आधी धर्मा गेला, त्याचं करता करता आई गेली. शेजारची पोरं गेली. भिकी त्यांच्याच अंथरुणात निजत होती, तिला एक फोड आला नाही. बापानं तिला चाणज्याला मामाकडे आणून सोडलं. उरलेली माणसं एकेक करून निघून गेली.

"तू मला तांबरी काच दिलतीस," ती म्हणाली. "मुठीत धरून निजली. सकाली बघते तं हाताला मुंग्या."

तिनं पदर सारून दंड दाखवला. इथं मला एक गोष्ट सांगायला हवी. मी डावखुरा आहे. सगळे देवी काढणारे मुलाच्या डाव्या दंडावर टोचतात. मला ते जमायचं नाही, म्हणून मी उजव्या दंडावर टोचायचो. त्यावरून ट्रेनिंगमध्ये बोलणीही खाल्ली होती. म्हातारीचे चार व्रण उजव्या दंडावर होते. जुने, पांढरे पडलेले, कातडीबरोबर सैल झालेले... पण चार, आणि उजव्या दंडावर.

मी भाकरी खाल्ली नाही. नागूही जेवला नाही. परत येताना मिठागरांच्या बांधावरून चालत होतो, तेव्हा तो एकदाच बोलला. "म्हंजे मी हाय तो तुमच्यामुलं..." असं म्हणाला आणि पुढचं वाक्य त्यानं सोडून दिलं.

त्या संध्याकाळी मी एक वेडेपणा केला. रजिस्टर उघडून भिकीच्या नावापुढं निकालाच्या रकान्यात लिहिलं, 'उत्तम उठली.' धर्माच्या नावापुढं काय लिहायचं ते कळेना. तो रकाना तसाच ठेवला.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते शिकलेले, समजूतदार गृहस्थ होते. हसले नाहीत. म्हणाले, नागूनं कधीतरी आईची गोष्ट तुम्हाला सांगितली असणार, तुम्ही विसरलात, आणि उन्हात ती तुम्हाला दिसली. नागू शपथेवर सांगत होता की त्यानं सांगितली नाही. मग डॉक्टर म्हणाले, पूर्वीही एखादा डावखुरा माणूस हे काम करत असेल. असेलही. म्हातारीच्या लहानपणी बेटावर देवी काढणारा येत असेल, त्यालाही चष्मा असेल, त्याच्याही खिशात गोळ्या असतील... मग माझी नळी कुठं गेली? पेटीत नव्हती हे डॉक्टरांनी स्वतः बघितलं होतं. ती दोन नावं तेवढी तांबड्या शाईनं खोडा, असं त्यांनी सांगितलं. मी खोडली.

उरणला मी आणखी पाच वर्षं होतो. वेळ मिळेल तेव्हा त्या वाटेनं जायचो. कधी सकाळी, कधी त्याच वेळी, मंगळवारी, फाल्गुनात. पेटी घेऊनच जायचो, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. घाणेरी आणि जोती, दुसरं काही कधी दिसलं नाही. पुढं बदली झाली, दुसऱ्या तालुक्यात गेलो, लग्न झालं, हजारो मुलांना टोचलं. आता तर तो रोगच गेला म्हणतात. माझ्या नातवाच्या दंडावर व्रणसुद्धा नाही.

ओळखीत एक सायन्सचे प्रोफेसर आहेत. त्यांनी मला काळाबद्दल पुष्कळ काही समजावलं, मला ते कळलं नाही आणि मला वाटतं त्यांनाही नीट सांगता आलं नाही. आमच्या सौभाग्यवतींचं मत साधं होतं, त्या मुलीला वाचवायचं होतं म्हणून तुम्हाला नेलं. मग मी विचारायचो, मुलाला का नाही? आणि कुणी 'नेलं'? एकदा जाता आलं तर दुसऱ्यांदा का नाही? आणि नियम पाळला ही माझी चूक होती का? या प्रश्नांचं उत्तर वाचकांपैकी कुणाजवळ असेल तर जरूर कळवावं. मी खरंच वाट बघतोय.

उरण सोडण्याच्या आदल्या दिवशी मी भिकीआजीला भेटायला गेलो होतो. तिनं मला कधी दोष दिला नव्हता. त्या दिवशी मीच विषय काढला. म्हटलं, आजी, मी त्या मंगळवारी आलो होतो. खरंच आलो होतो, चार नळ्या घेऊन. नागूला विचार. त्या वाकड्या उंडीखाली तीन वाजेपर्यंत बसून होतो, पण तिथं कुणी नव्हतं.

म्हातारीनं माझा हात हातात घेतला.

"आमी तितंच व्हतो रं," ती म्हणाली. "त्याच झाडाखाली. आय धर्माला खांद्यावर घेऊन पार सांजपत्तोर उभी व्हती."